रुमालावरचा भंडारा

दिनांक : ११ ऑक्टोबर १९९९

प्रति,
मा. संचालक, विद्यार्थी कल्याण विभाग,
तथा निवडणूक निर्णय अधिकारी, विद्यापीठ विद्यार्थी परिषद,
विद्यापीठ कार्यालय.

अर्जदार : कु. पूनम मल्हारी कोळपे, तृतीय वर्ष कला, कै. हौसराव आप्पा रणनवरे महाविद्यालय, दौंड. राहणार मु. पो. खुटबाव, ता. दौंड, जि. पुणे.

विषय : दि. २८ ऑक्टोबर रोजी होणाऱ्या जिल्हा प्रतिनिधीच्या निवडणुकीत उमेदवारांना रुमाल जवळ बाळगण्यास मनाई करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा प्राचार्यांकडील अर्ज, दि. २० सप्टेंबर १९९९ (उत्तर नाही).
२) त्याच अर्जाचे स्मरणपत्र, दि. २७ सप्टेंबर १९९९ (उत्तर नाही).
३) प्राचार्यांचे व्हरांड्यात चालता चालता दिलेले तोंडी उत्तर : "बघू."

महोदय,

१. विषयाची ओळ वाचून आपल्या कार्यालयात हशा पिकला असेल, तर तो आधी पिकून जाऊ द्यावा. अर्जदार थांबेल. अर्जदाराला थांबायची सवय आहे, आणि ती कशी लागली हेच पुढे सविस्तर मांडले आहे.

२. अर्जदार ही खुटबावची कायम रहिवासी असून तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरे होती. आता वडील मल्हारी हे चार एकर रान करतात. अर्जदार सकाळच्या शटलने दौंडला येते व संध्याकाळच्या गाडीने परत जाते. गेल्या वर्षी ती द्वितीय वर्ष कला शाखेत पहिली आली. सदर अर्ज तिने कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस बबनराव यांना दाखवला असता ते म्हणाले, "बाय, मी मी लिहू नगंस. 'मी' लिहिलं की रडगाणं हुतं, 'अर्जदार' लिहिलं की कागद हुतो." त्यांचा सल्ला मानून अर्जदाराने स्वतःला सगळीकडे अर्जदार म्हटले आहे. तरीही मधूनच राग बाहेर आला, तर तो बबनरावांचा नसून अर्जदाराचा समजावा.

३. आपणास ठाऊकच आहे की, १९९४ च्या कायद्यापासून महाविद्यालयातल्या उघड निवडणुका बंद झाल्या. आता प्रत्येक वर्गात पहिला येणारा विद्यार्थी आपोआप प्रतिनिधी होतो, क्रीडा वगैरे चार विभागांचे चौघे आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्य नेमतात, आणि हे सगळे मिळून आपल्यातून एक सचिव निवडतात. म्हणजे भांडणतंटे मिटले, असे कायदा करणाऱ्यांना वाटले. आमच्या महाविद्यालयात असे एकूण तेरा जण झाले. सात मुली, सहा मुलगे. मुली जास्त झाल्या, कारण पहिल्या नंबरांत मुलीच जास्त आल्या. याबद्दल कोणाची माफी मागायची असल्यास अर्जदार तयार नाही.

४. सहा मुलांपैकी एक श्री. इंद्रजीत पोपटराव रणनवरे, राहणार मांडवगण फराटा, ता. शिरूर. महाविद्यालय त्यांच्या आजोबांच्या नावाचे आहे. वडील पोपटराव हे संस्थेचे अध्यक्ष व एका साखर कारखान्याचे संचालक आहेत. इंद्रजीत हे क्रीडा प्रतिनिधी. कबड्डीच्या संघात ते राखीव खेळाडू होते आणि तीन सामने बाकावर बसून त्यांनी संघाला टाळ्यांचा आधार दिला, तो प्राचार्यांच्या डोळ्यांत भरला असावा.

५. आता मूळ दुखणे. महाविद्यालयाच्या मागच्या बाजूस "विद्यार्थिनी कक्ष" नावाची खोली आहे. आत दोन संडास, एक मोरी व पाण्याची टाकी आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे उद्घाटन झाले, पेढे वाटले गेले, कोनशिला बसली आणि चौथ्या दिवशी कुलूप लागले. तेव्हापासून आत पोपटरावांच्या प्रचाराचे भोंगे, कापडी फलक, बांबू व जीपचे एक टायर राहते. किल्ली पोपटरावांकडे. मुलींची संख्या दोनशे अकरा.

६. या दोनशे अकराजणी काय करतात, हे मागच्या दोन्ही अर्जांत अर्जदाराने सभ्य शब्दांत लिहिले होते, म्हणून ते कोणाला कळले नाही. आता स्पष्ट लिहिते. त्या पाणी पीत नाहीत. सकाळी घरून निघताना पीत नाहीत, दुपारी डब्याबरोबर पीत नाहीत, मे महिन्याच्या परीक्षेत पीत नाहीत. रेल्वे कॉलनीत राहणारी आमची मैत्रीण म्हाळसा हिच्या क्वार्टरवर काही जणी जात असत. तिच्या आईने दिवसाला चौघींपर्यंत चालवून घेतले. पाचवीला तिने नाही म्हटले तर तिचे काय चुकले?

७. म्हणून सात मुलींनी ठरवले की यंदा सचिव आपल्यातली करायची आणि पहिल्याच बैठकीत ती खोली उघडायची. अर्जदाराचे नाव पुढे आले. समोर इंद्रजीत. सात विरुद्ध सहा, हिशेब पहिलीतल्या पोराला कळावा इतका सोपा होता. मतदान १२ ऑगस्टला होते.

८. पोपटरावांना निवडणुकीची एकच रीत ठाऊक, ती कारखान्याची. मतदार उचलायचे, सहलीला न्यायचे आणि थेट मतपेटीपाशी आणून उतरवायचे. त्यांनी पाच मुलांना सुमो गाडीतून चार दिवस महाबळेश्वरला ठेवले. ते पाचही जण आधीपासून इंद्रजीतचेच होते, त्यांना न्यायची काहीच गरज नव्हती. पण रीत ती रीत. मुलींना मात्र सहलीला नेता येईना, कारण कोणाच्या घरून पाठवतील? शिवाय फोडायची एकच होती. कोणती फोडावी याचा पोपटरावांनी बराच विचार केला आणि अशी निवड केली की, महोदय, सहकाराच्या आजवरच्या वाटचालीत ती कोणाला सुचली नसेल. त्यांनी समोरचा उमेदवारच फोडला. म्हणजे अर्जदाराला.

९. हे कसे घडले, ते अर्जदार काही न लपवता सांगते. ८ ऑगस्टला, रविवारी, इंद्रजीतच्या मातोश्री सौ. अनुपमाताई सुमो घेऊन आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, जेजुरीला निघालोय, आजींना दर्शन घडवते, पोरीलाही घ्या. आजी भामाबाई गुडघ्यांमुळे तीन वर्षे गडावर गेली नव्हती. तिला नाही म्हणणे अर्जदाराच्या जिवावर आले. गडाच्या पायऱ्यांशी इंद्रजीत व पोपटराव आधीच येऊन थांबले होते. आजीला डोलीतून वर नेले, देवदर्शन झाले, आजीची ओटी भरली, आणि मग पोपटराव अर्जदारापाशी येऊन अगदी मायेने बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देत आहे :

"पोरी, तू हुशार हाईस. निवडून आलीस तर काय करशील? ठराव करशील. ठराव कुनाच्या टेबलावर येनार? माझ्याच. आन् किल्ली कुनाकडं हाय? माझ्याकडंच. मग माझंच पोरगं सचिव झालं तर किल्ली घरातल्या घरात दिली जाईल, का न्हाई? तुला खुर्ची पायजे का खोली पायजे, तेवढं सांग."

अर्जदाराला खोली पाहिजे होती. तिने तसे सांगितले. ती आजही हे उत्तर चुकीचे मानत नाही. चूक पुढे झाली.

१०. ठरले असे की, अर्जदाराने आपले मत इंद्रजीतला द्यावे, इंद्रजीतने गणपती बसायच्या आत खोली रिकामी करून, कडी बसवून, टाकीत पाणी भरून द्यावे, आणि दोघांनी तसा बेलभंडारा उचलावा. आपण कोणत्या भागातले आहात हे ठाऊक नाही, म्हणून सांगते. खंडोबापुढे तळहातावर बेलाचे पान व भंडारा घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. कोर्टात खोटे बोलणारी माणसेही भंडारा समोर आला की गप्प होतात. अर्जदाराने उजवा हात पुढे केला, भंडारा घेतला, शब्द दिला. मग इंद्रजीतची पाळी आली. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, तळहातावर पसरला आणि त्यावर भंडारा घेतला. हसून म्हणाले, हात पिवळा होतो. आजूबाजूला माणसे नखशिखांत पिवळी झालेली आणि यांना हाताची काळजी. अर्जदाराच्या मनात पाल चुकचुकली. तिने आजीकडे पाहिले.

११. आजीचा चेहरा खुलला होता. महोदय, आजीचे अर्धे आयुष्य मेंढरांच्या बाजारात गेले. तिथे दोन व्यापारी हातावर रुमाल टाकतात, त्याखाली बोटे दाबून भाव ठरवतात, आणि रुमाल काढला की सौदा कायमचा झाला. त्यावर सही नसते, साक्षीदार नसतो, पण तो सौदा कोणी मोडल्याचे आजीने उभ्या जन्मात पाहिले नाही. तिने इंद्रजीतच्या हातात रुमाल पाहिला आणि अर्जदाराच्या कानात सांगितले, "रुमाल आला म्हंजी सौदा पक्का झाला. पोरगं खानदानी हाय." इंद्रजीतने तो भंडारा रुमालातच गाठ मारून आजीच्या हाती ठेवला. "आजी, परसाद." आजीने तो घरी आणून देव्हाऱ्यात ठेवला. आमच्या घरात मेंढरे राहिली नाहीत, पण मेंढपाळाचा भोळेपणा राहिला, त्याची किंमत पुढे दिली.

१२. १२ ऑगस्टला मतदान झाले. सहा मुलींनी अर्जदाराला मत दिले. सहा मुलांनी इंद्रजीतला दिले. तेरावी चिठ्ठी अर्जदाराची होती. ती हातात घेऊन अर्जदार किती वेळ बसली, ते मोजले नाही, पण शिपाई दोनदा आत डोकावून गेला. मग तिने भंडारा आठवला आणि इंद्रजीतच्या नावापुढे फुली मारली. निकाल सात-सहा. बाहेर फटाके वाजले. अर्जदार स्वतःच्या मताने पडली.

१३. मुलींना तिने त्याच संध्याकाळी खरे सांगितले. पाचजणींनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणे टाकले. अनुपमाताईंनी साडी दिली, पैठणी दिली, अशा आवया उठल्या. प्रत्यक्षात एक खण मिळाला होता, तो अजून घडीचाच आहे. फक्त मांडवगण फराट्याची अंकिता, द्वितीय वर्ष वाणिज्यमधली पहिली, हिने अर्जदाराचा हात धरला आणि म्हणाली, "मत कुनाला बी जाऊ दे. कडी बसली म्हंजी झालं."

१४. गणपती बसले. कडी बसली नाही. त्याआधी विधानसभेच्या प्रचाराला भोंगे बाहेर निघाले तेव्हा खोली चार दिवस रिकामी होती, तेवढ्यात तिला दुसरे कुलूप लागले. गणपती उठले. अर्जदाराने वर संदर्भात दिलेले दोन अर्ज केले, त्यांना वाटाण्याच्या अक्षता लागल्या. अखेर २९ सप्टेंबरला ती कँटीनमध्ये इंद्रजीतपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत भंडाऱ्याची आठवण करून दिली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून दिलेले उत्तर असे :

"भंडारा माझ्या हाताला लागलाच न्हाई, पूनम. रुमालाला लागला. आता रुमालालाच इचार, खोली कवा उघडतोस म्हनून."

कँटीन पाच मिनिटे हसत होते. अर्जदार हे हसणे विसरलेली नाही. कोण कोण हसले, त्यांची नावे तिला पाठ आहेत, परंतु त्यांची यादी जोडून आपला वेळ घेत नाही.

१५. त्या दिवशी अंकिता कँटीनमध्ये नव्हती. ती २४ सप्टेंबरला तास चालू असताना बाकावरच कोसळली होती. शिरूरला दवाखान्यात मूत्रपिंडाला सूज असल्याचे निघाले. डॉक्टरांनी विचारले, दिवसभरात पाणी किती पितेस? ती म्हणाली, घरी गेल्यावर पिते. बारा दिवस ती दवाखान्यात होती. नंतर तिचे वडील येऊन दाखला काढून घेऊन गेले. दिवाळीनंतर तिचे लग्न आहे. वर्गात पहिली आलेली मुलगी हजेरीपटावरून लाल रेघेने कमी झाली आणि तासाला कोणी मान वर केली नाही. ती दवाखान्यात असताना अर्जदार भेटायला गेली, तेव्हा अंकिताने विचारले, "उघडली का गं?" महोदय, या अर्जातला सगळा राग त्या एका प्रश्नातून आलेला आहे, आणि तो शांत व्हावा अशी अर्जदाराची इच्छाही नाही.

१६. आता रुमालाकडे येते. अंकिताला भेटून परतताना गाडीत अर्जदाराला एक गोष्ट उमगली. ज्याला देवाधर्माचे काही नाही, तो सरळ हातावर भंडारा घेऊन खोटे बोलला असता. इंद्रजीतने रुमाल घेतला, कारण इंद्रजीत भितो. तो देवाला भितो, भंडाऱ्याला भितो, आणि कोऱ्या तळहाताची त्याला सर्वांत जास्त भीती आहे. (येथे अर्जदाराने आदरार्थी बहुवचन सोडले, ते बबनरावांनी दोनदा दुरुस्त केले व तिने दोनदा पूर्ववत केले.)

१७. असे कळते की, येत्या २८ ऑक्टोबरला जिल्ह्यातील त्रेसष्ट महाविद्यालयांचे सचिव मिळून विद्यापीठ परिषदेवर जिल्ह्याचा प्रतिनिधी निवडणार आहेत व इंद्रजीत हा त्यात उमेदवार आहे. पोपटरावांच्या चार सुमो पुन्हा फिरू लागल्या असून निम्म्याहून अधिक सचिवांना जेजुरीला नेण्याचा बेत आहे. प्रत्येकाला काही ना काही शब्द दिला जाईल. कोणाला वसतिगृह, कोणाला एसटीचा थांबा, कोणाला ग्रंथालय. आणि प्रत्येक वेळी रुमाल निघेल.

१८. सबब, अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे. इंद्रजीतची उमेदवारी रद्द करू नये. ही विनंती अर्जदार हात जोडून करते. रद्द झाली तर तो घरी बसून अन्याय झाला म्हणेल, पोपटराव सत्कार ठेवतील. त्याने उभे राहावे, भाषण करावे, मते मागावीत. फक्त मतदानाच्या सभागृहात कोणाही उमेदवारास रुमाल, टॉवेल, उपरणे, हातमोजे वा तत्सम वस्त्र जवळ बाळगू देऊ नये, आणि कोणी मतदाराने शब्द मागितल्यास तो उघड्या तळहातावर भंडारा घेऊन द्यावा, असे परिपत्रक काढावे. नियमात अशी तरतूद नाही, हे अर्जदाराला ठाऊक आहे. खोलीला कुलूप लावण्याचीही तरतूद नियमात नव्हती.

१९. आपल्या परिपत्रकाला वेळ लागेल, हे गृहीत धरून अर्जदाराने स्वतःपुरती थोडी व्यवस्था केली आहे. आजीने देव्हाऱ्यातल्या रुमालाची गाठ सोडली. त्यातल्या भंडाऱ्याच्या चिमूट चिमूट पुड्या बांधल्या. बांधायला अर्जदार, आजी, म्हाळसा आणि ज्यांनी बोलणे टाकले होते त्या पाचजणींपैकी चौघी बसल्या. कोणी जुने काही काढले नाही. ५ ऑक्टोबरला एक एक पुडी आणि या हकिकतीचा एक एक कागद त्रेसष्ट सचिवांना टपालाने गेला आहे. इंद्रजीतही सचिव असल्याने त्यालाही एक गेली आहे. कागदाच्या शेवटी एवढेच लिहिले : "उमेदवार शब्द द्यायला आले की सोबतची पुडी त्यांच्या उघड्या हातावर सोडावी. घेतली तर मत द्यावे."

आपल्या उत्तराची वाट पाहून झालेली, तरीही आपली नम्र,

(सही)
पूनम मल्हारी कोळपे

साक्षीदार : भामाबाई कोळपे, डाव्या हाताचा अंगठा. (उजव्या हाताचा अंगठा तिने देवासाठी राखून ठेवला आहे, त्यास हरकत नसावी.)

सोबत :
१) संदर्भातील दोन्ही अर्जांच्या प्रती.
२) कोनशिलेचा फोटो. मागे दिसणारे कुलूप पाहावे.
३) भंडाऱ्याची एक पुडी, कार्यालयाच्या उपयोगासाठी.
४) रुमाल जोडलेला नाही. तो अर्जदाराकडे आहे. कोपऱ्यावर लाल धाग्याने "इं. पो. र." काढलेले आहे. मागणी झाल्यास समक्ष हजर केला जाईल, पण हातून सोडला जाणार नाही.

प्रत माहितीस्तव :
१) प्राचार्य. "बघू" म्हणाले होते, त्यांनी आता बघावे.
२) सौ. अनुपमाताई रणनवरे, सोबत खण एक, न शिवलेला, परत.
३) कु. अंकिता, मांडवगण फराटा.

ताजा कलम : अर्ज पाकिटात घालून अर्जदार आज दुपारी टपालात टाकायला निघाली असता महाविद्यालयाच्या मागे गडबड दिसली. भोंगे, बांबू, टायर उन्हात पडले होते. सुतार कडी बसवत होता. टँकर टाकीत पाणी सोडत होता. इंद्रजीत स्वतः उभा राहून काम करून घेत होता. शिरूरच्या एका सचिवाने काल त्याच्यापुढे पुडी धरली होती व तो हात मागे घेऊन उठून गेला, असे तिथेच समजले. अर्जदाराला पाहून तो जवळ आला. आवाज खाली होता.

"पूनम, खोली उघडली. शब्द पुरा केला. आता तो कागद फाडून टाक. आन् पोरास्नी सांग, पुड्या फेकून द्या म्हनावं."

अर्जदार नव्या नळापाशी गेली, तांब्या भरून घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहून शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्यायली. तीन वर्षांत या आवारात प्यायलेले हे तिचे पहिले पाणी. मग तिने खोलीला आतून कडी लावून पाहिली. लागली.

खोली दोनशे दहा मुलींना उघडली आहे. दोनशे अकरावीला उघडलेली नाही. सबब अर्ज मागे घेण्यात येत नाही. पुड्याही परत मागवण्यात येत नाहीत.

(सही)
पूनम मल्हारी कोळपे
दौंड, दुपारी सव्वातीन.